कडियाळे कोणाचे, घोडा कोणाचा? लिडियाच्या अश्वसाजाचे एक प्रकरण

इलियडच्या चौथ्या सर्गात मेनेलाउसच्या कमरेशी बाण लागतो आणि त्याच्या मांड्यांवरून रक्ताचे ओघळ उतरू लागतात, तेव्हा होमर एक अनपेक्षित उपमा देतो. मायोनियाची किंवा कारियाची एखादी बाई घोड्यांच्या गालावर बसवायच्या हस्तिदंती पट्टीला जांभळा रंग देते तशा त्या मांड्या दिसत होत्या, असे तो म्हणतो. ही पट्टी आपल्याला मिळावी असे अनेक स्वारांना वाटते, पण ती राजासाठी कोठारात ठेवलेली असते, घोड्याचा दागिना म्हणून आणि सारथ्याची शोभा म्हणून. मायोनिया हे लिडियाचे, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या एका प्राचीन राज्याचे, जुने नाव असल्यामुळे लिडियन अश्वसाजाविषयीच्या जुन्या लेखी उल्लेखांत या ओळींचा मान मोठा आहे.

त्या एका वस्तूभोवती होमरने चार प्रकारची माणसे उभी केली आहेत. रंग देणारी बाई आहे, पट्टीसाठी झुरणारे स्वार आहेत, ती कोठारात ठेवणारा राजा आहे आणि ती बांधलेले घोडे हाकणारा सारथी आहे. वस्तू राजाची, हौस स्वारांची, मिरवणे सारथ्याचे, आणि जिच्या हातची कारागिरी तिचा घोड्याशी काही संबंध असल्याचे होमर सांगत नाही. लिडियात घोडे कोणाच्या मालकीचे होते हा प्रश्न उत्खननात सापडलेल्या साजावरून सोडवायला बसले, की आपल्या हाती लागलेला तुकडा या चौघांपैकी कोणाचा, हे आधी ठरवावे लागते. घाईने ही पायरी गाळली, तर साज सापडला म्हणजे घोडा होता आणि घोडा होता म्हणजे तो पुरलेल्या माणसाचाच होता, अशी दोन गृहीतके पुराव्याच्या जागी येऊन बसतात.

प्रकरणाची पार्श्वभूमी

लिडियाचे राज्य आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, हर्मस म्हणजे आताच्या गेदिझ नदीच्या खोऱ्यात होते, आणि त्मोलस डोंगराच्या पायथ्याशी वसलेले सार्डिस ही त्याची राजधानी होती. इ. स. पू. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात गायजीसने मर्म्नाड घराण्याची सत्ता स्थापन केली, आणि इ. स. पू. ५४६ च्या सुमारास क्रीससच्या हातून ती पर्शियाच्या सायरसकडे गेली. या शतक-सव्वाशतकात लिडियाची ख्याती सोन्याइतकीच घोडदळासाठी होती. हर्मसच्या मैदानात लिडियन घोडेस्वारांच्या फळ्या उधळून लावणाऱ्या एका वीराचे वर्णन मिम्नर्मस हा कवी करतो. सॅफो या ग्रीक कवयित्रीला आपल्या प्रिय व्यक्तीची चाल आणि तिच्या चेहऱ्यावरची चमक लिडियनांच्या रथांहून अधिक पाहावीशी वाटते. असुरबनिपाल राजाच्या अश्शुरी कोरीव लेखांतही ‘लुद्दी’ देशाच्या ‘गुगु’चा, म्हणजे गायजीसचा, दूत घोड्यावरून येतो आणि त्याची भाषा कोणालाच कळत नाही. हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार तर स्पष्टच सांगतो, की त्या काळी आशियात लिडियनांपेक्षा शूर लोक नव्हते, ते घोड्यावरून लढत, लांब भाले बाळगत आणि घोडेस्वारीत तरबेज होते.

पण या सगळ्या उल्लेखांतून ते घोडे कोणाचे होते हे कळत नाही. मराठी वाचकाला हा प्रश्न नीट मांडण्यासाठी दुसरीकडे शब्द शोधायला जावे लागत नाही. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसतो तो बारगीर, हा भेद आपल्या भाषेत पक्का रुजलेला आहे. रणांगणावर दोघे सारखेच दिसतात, मात्र घोडा पडला की नुकसान कोणाचे आणि राजाशी बिनसले की घोडा कोणाबरोबर जातो, या दोन बाबतींत त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते. लिडियाचे घोडदळ शिलेदारांचे होते की बारगिरांचे, असा हा प्रश्न आहे. लिडियन व्यवस्था मराठी लष्करासारखी होती असा दावा येथे नाही. शब्द नेमका असल्यामुळे उसना घेतला आहे, इतकेच.

साजाचा एक तुकडा जवळून

त्या काळच्या स्वाराच्या घोड्यावर आजच्या अर्थाचे खोगीर नव्हते, रिकीब नव्हती आणि खुरांना नालही नव्हते. पाठीवर फार तर एक झूल, तोंडात कडियाळे, म्हणजे लगाम जोडलेली धातूची दांडी, आणि डोक्याभोवती कातडी पट्ट्यांची मोहरकी. कातडे कुजते आणि कापड विरते. जमिनीत उरतात ते सांधे, म्हणजे कडियाळ्याचे लोखंड किंवा कासे, गालपट्ट्या, आणि जिथे दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे बसवलेले हाडाचे किंवा धातूचे छोटे पोकळ तुकडे. अशा तुकड्याला चारही बाजूंनी भोके असतात. एक पट्टी आडवी जाते, दुसरी उभी, आणि दर्शनी बाजूवर कारागीर एखादा प्राणी किंवा फूल कोरतो. एका मोहरकीत असे अनेक सांधे लागतात, गालपट्ट्या जोडीने असतात, ढापणी जोडीने असतात, कपाळपट्टी मात्र एकच असते. त्यामुळे दहा तुकडे सापडले म्हणजे दहा घोडे, ही मोजणी मुळातच चुकते. ते दहाही तुकडे एकाच घोड्याच्या डोक्यावरचे असू शकतात.

यांतला सर्वांत बोलका भाग कडियाळे, आणि तोच सर्वांत कमी देखणा असतो. दोन दांड्या मधोमध कड्यांनी एकमेकींत अडकवलेल्या असतात. लगाम खेचला, की सांधा मोडून दोन्ही दांड्या जिभेवर आणि जबड्याच्या दातरहित भागावर दाबल्या जातात. रोजच्या वापराने ही कडी आतल्या बाजूने झिजतात, लंबगोल होतात. ज्या कडियाळ्याची कडी झिजलेली आहेत ते खऱ्या घोड्याच्या तोंडात वर्षानुवर्षे होते, हे निःशंकपणे म्हणता येते. कोरीव हस्तिदंताविषयी तसे म्हणता येत नाही, कारण त्याच्यावरची झीज अनेकदा नुसती हाताळण्याची असते. साजाच्या अभ्यासात आपण सुंदर वस्तूकडे आधी वळतो आणि गंजलेल्या लोखंडाकडे नंतर. मालकीचा प्रश्न असेल तेव्हा हा क्रम उलटा हवा.

सार्डिस येथे हार्वर्ड आणि कॉर्नेल या विद्यापीठांच्या मोहिमेने १९५८ पासून उत्खनन चालवले आहे. तिथे सापडलेल्या वस्तूंत हाडात कोरलेला, अंग मुडपून वर्तुळासारखा गुंडाळलेला एक प्राणी आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातल्या भटक्या स्वारांच्या कलेत हीच आकृती पुन्हा पुन्हा येते, आणि असे तुकडे सहसा घोड्याच्या किंवा स्वाराच्या पट्ट्यांवर बसवलेले असत. हा तुकडा सार्डिसमध्ये कसा आला, याची निदान तीन उत्तरे संभवतात आणि त्यांतल्या पहिल्या दोहोंना हेरोडोटसचा आधार आहे. गायजीसचा मुलगा आर्डिस याच्या कारकिर्दीत किमेरियन या भटक्या टोळ्यांनी बालेकिल्ला सोडून सारे सार्डिस घेतले होते, त्यामुळे तो हल्लेखोराच्या घोड्यावरून गळून पडलेला असू शकतो. पुढे मीडियाचा राजा सायाक्सरीस याच्याशी बिनसल्यावर सिथियन या भटक्या जमातीचे काही शिकारी पळून लिडियाचा राजा अलियाटीस याच्या आश्रयाला आले; अलियाटीसने त्यांना परत देण्याचे नाकारले आणि त्यावरून युद्ध पेटले, जे पाच वर्षे चालले आणि सूर्यग्रहणाच्या दिवशी थांबले. तेव्हा ही वस्तू तशा एखाद्या पाहुण्याचीही असू शकते. किंवा घोड्यांच्या बाबतीत जे भटके करतात ते भारी, या समजुतीने एखाद्या सार्डिसकराने गावातच ती करवून घेतली असेल. पहिल्या उत्तरात घोडा शत्रूचा, दुसऱ्यात आश्रिताचा आणि तिसऱ्यात नगरवासीयाचा ठरतो. तुकडा तोच राहून मालक तीन वेळा बदलतो.

साज घोड्यावाचूनही प्रवास करतो

याचा अस्सल दाखला लिडियाच्या किनाऱ्यासमोरच्या सामोस बेटावर मिळतो. तिथल्या हेरा देवीच्या स्थानी घोड्याची एक कांस्य कपाळपट्टी सापडली. तिच्यावर अरेमाइक लेख आहे आणि त्यात हझाएल राजाचे नाव आहे. हा हझाएल म्हणजे इ. स. पू. नवव्या शतकातला दमास्कसचा राजा. त्याच मजकुराचा लेख असलेले ढापण समुद्रापलीकडे युबिया बेटावरील एरेट्रियाच्या अपोलो मंदिरात मिळाले. एकाच राजाचा साज शेकडो कोस पश्चिमेला, दोन वेगळ्या बेटांवर, दोन वेगळ्या देवतांच्या चरणी पोहोचला तो लुटीतून, नजराण्यातून किंवा व्यापारातून. तो देवीला वाहणाऱ्याकडे घोडा असेलही, पण हझाएलच्या घोड्यांशी त्याचा काही संबंध नव्हता.

हस्तिदंती साजाचेही तेच. अश्शुरी राजधानी कालहू, म्हणजे निमरूद, येथील वाड्यातल्या कोठ्यांमधून हस्तिदंती ढापणी आणि कपाळपट्ट्या मोठ्या संख्येने निघाल्या आहेत. त्या घोड्यांच्या अंगावर नव्हत्या, साठवून ठेवलेल्या होत्या. होमरच्या उपमेतले कोठार ही नुसती कवीची कल्पना नव्हे, हे निमरूदच्या कोठ्या पाहिल्या की पटते. उंची साज हा सोन्याच्या भांड्यासारखा साठवायचा ऐवज होता. याउलट सायप्रसमधल्या सालामिसच्या इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकांतल्या थडग्यांत, दालनाकडे उतरणाऱ्या वाटेवर, रथांचे अवशेष आणि साजासह पुरलेले घोडे सापडले आहेत. तिथे घोडा, साज आणि मृत माणूस एकाच जागी असल्याने मालकीची साखळी पूर्ण होते. लिडियात काम कठीण होते ते ही साखळी तुटक असल्यामुळेच.

लिडियाच्या थडग्यांचा मोठा समूह म्हणजे सार्डिसच्या उत्तरेला असलेले बिन टेपे. या तुर्की नावाचा अर्थ ‘हजार टेकड्या’ असा होतो. प्रत्यक्षात मातीचे ढिगारे शंभराहून थोडे अधिक आहेत. त्यांतला सर्वांत मोठा अलियाटीसचा, सुमारे ३५५ मीटर व्यासाचा आणि साठ मीटरांहून उंच. जवळजवळ सगळी दालने प्राचीन काळापासून लुटली गेली. चोराने सोने नेले, हस्तिदंत नेले आणि गंजके लोखंड टाकले, त्यामुळे एका टेकडीखाली वाहनाची लोखंडी अंगे उरली. उत्तरेकडच्या मिसिया प्रदेशात, बालिकेसिरजवळच्या उचपिनार येथील टेकडीखालीही दुचाकी वाहनाच्या चाकांचे अवशेष निघाले. चोराच्या नजरेने जे टाकाऊ ठरले तेच आज आपल्या कामाचे, कारण थडग्यात वाहन ठेवणाऱ्या घराला ते ओढणारी जनावरे परवडत होती, एवढे त्यावरून म्हणता येते.

खर्चाची बाजू

परवडणे हा शब्द येथे सहज आलेला नाही. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा लागतो. साडेतीनशे किलोचे, आजच्या मानाने लहानखुरे जनावर धरले तरी दिवसाला सात किलो आणि वर्षाला अडीच टनांहून अधिक वैरण लागते. शिवाय चंदी वेगळी, मोतद्दार वेगळा. बैल नांगर ओढून आपला खर्च भागवतो. स्वारीचा घोडा लढाई, शिकार आणि मिरवणूक सोडून काहीच करत नाही. म्हणूनच अ‍ॅरिस्टॉटल सांगतो, की घोडे पाळणे श्रीमंतांनाच जमते, आणि ज्या नगरांचे बळ घोड्यांवर होते तिथे पूर्वी मूठभरांचे राज्य होते. उदाहरणांत तो एरेट्रिया आणि खाल्किसबरोबर मिआंडर नदीकाठच्या मॅग्नेशियाचे नाव घेतो, आणि लिडियनांशी युद्ध होण्यापूर्वी कोलोफोनमध्ये बहुसंख्य लोकांकडे मोठी मालमत्ता होती असेही नोंदवतो. मॅग्नेशिया आणि कोलोफोन ही लिडियाच्या अगदी शेजारची ग्रीक नगरे. तेव्हा या प्रदेशात खासगी घोडे पाळणारा सधन वर्ग होता, हे शेजारच्या पुराव्यावरून पक्के आहे.

सार्डिसच्या घोड्यांचे चरण्याचे ठिकाणही हेरोडोटसच्या एका चमत्कारकथेतून कळते. नगर पडण्याआधी सार्डिसच्या वेशीबाहेर सापच साप झाले, आणि घोडे कुरणातला चारा सोडून साप खाऊ लागले. तेल्मेसोसच्या ज्योतिष्यांनी अर्थ लावला, की साप हा भूमिपुत्र आणि घोडा हा परका शत्रू. शकुन बाजूला ठेवला, तरी कथा सांगणाऱ्याने नगराच्या उंबरठ्यावर चरणारे कळप गृहीत धरले आहेत. दुसऱ्या कथेत क्रीसस बेटांवर स्वारी करण्याच्या तयारीत असताना बिआस किंवा पिट्टाकस हा ग्रीक ज्ञानी त्याला बातमी देतो, की बेटांवरचे लोक तुझ्यावर चाल करायला दहा हजार घोडे विकत घेत आहेत. क्रीससला आनंद होतो, कारण घोड्यावरच्या लढाईत लिडियनांना कोण हरवणार! या गोष्टीतले क्रियापद मोलाचे आहे. घोडे ही विकत मिळणारी वस्तू होती, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही नवल वाटत नव्हते.

कोलोफोनचे स्वार

मालकीचा प्रश्न सर्वांत उघडा पडतो तो अलियाटीसच्या एका कपटात. ही कथा पॉलिएनस या ग्रीक लेखकाने इ. स. दुसऱ्या शतकात, म्हणजे घटनेनंतर सातशेहून अधिक वर्षांनी लिहिली असल्याने तिचा तपशील जपूनच घ्यावा लागतो. कोलोफोनच्या घोडदळाचे बळ मोडण्यासाठी अलियाटीसने त्यांच्याशी मैत्री केली, लुटीत आणि मोबदल्यात त्यांच्या स्वारांना नेहमी झुकते माप दिले, आणि एकदा सार्डिसमध्ये मोठा बाजार भरवून दुप्पट वेतनाचे आमिष दाखवले. स्वारांनी वेशीबाहेर घोडे मोतद्दारांच्या हवाली केले आणि ते पायी आत गेले. मग वेशी बंद झाल्या. आत शिरलेल्यांना पायदळाने कापून काढले, आणि अलियाटीसने त्यांचे घोडे आपल्या पायदळातल्या सैनिकांना वाटून टाकले.

कथा खरी असो वा रचलेली, तिच्यात दोन व्यवस्था समोरासमोर उभ्या आहेत. कोलोफोनचा स्वार स्वतःचा घोडा आणि स्वतःचा मोतद्दार घेऊन येतो आणि मोबदल्यासाठी लढतो, म्हणजे तो शिलेदार. दिवसअखेर तोच घोडा राजाच्या हातून एका पायदळी शिपायाला मिळतो, म्हणजे घोडा राजाने दिलेला आणि स्वार राजाचा. माझ्या मते लिडियात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या: जमीनजुमला असलेल्या घराण्यांचे स्वतःचे घोडे, आणि त्यांच्यावर अवलंबून राहावे लागू नये म्हणून राजाची स्वतःची पागा. साजाचा पुरावाही याला धरूनच आहे. कोठारात ठेवायचा हस्तिदंत आणि कांस्य राजाकडे व देवळाकडे झुकते, तर लुटून उरलेले लोखंड टेकड्यांखालच्या घराण्यांकडे बोट दाखवते.

इ. स. पू. ५४६ नंतर

सार्डिससमोरच्या उघड्या मैदानात सायरसने, हार्पागस या आपल्या सरदाराच्या सल्ल्याने, सामान वाहणारे उंट पुढे काढून त्यांच्यावर स्वार बसवले. घोडे उंटांचा वास येताच आणि ते दिसताच उलटले. लिडियन स्वारांनी मात्र उड्या टाकल्या आणि ते पायी लढले. त्यानंतर घोड्यांचे काय झाले, हे झेनोफोन हा ग्रीक लेखक आपल्या सायरसचरित्रात सांगतो. ते बोधपर, बरेचसे कल्पित चरित्र आहे, तरी मालकीच्या प्रश्नावर त्याची नजर नेमकी पडते. जे लिडियन आपली शस्त्रे, घोडे आणि रथ अभिमानाने मिरवत आनंदाने बरोबर आले, त्यांना सायरसने शस्त्रांसह नेले. जे कुरकुरत आले, त्यांचे घोडे काढून पर्शियनांना दिले, शस्त्रे जाळली आणि हातात गोफणी दिल्या. म्हणजे काही घराण्यांकडे घोडे राहिले आणि बाकीच्यांचे गेले.

उत्खननाशी हे चांगले जुळते, कारण लिडियातल्या मातीच्या टेकड्यांपैकी बऱ्याचशा राज्य गेल्यानंतरच्या, पर्शियन अमलातल्या आहेत. जॉर्ज डेनिसने १८८२ च्या सुमारास बिन टेपेच्या एका दालनातून काढलेली आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली संगमरवरी पट्टीही इ. स. पू. सहाव्या शतकाच्या मध्यानंतरची मानली जाते. तिच्यावर घोडेस्वार एकामागून एक चालले आहेत. त्या दालनात पुरलेल्या माणसाच्या घरी निदान घोड्यांची ऐट तरी शाबूत होती. त्याच्या राजाची पागा मात्र संपली होती.

इ. स. पू. ४८० मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सीस याने ग्रीसवर चाल केली, तेव्हाच्या सैन्याची यादी हेरोडोटस देतो. घोडदळात पर्शियन, मीड, बॅक्ट्रियन आहेत, आपल्याकडचे भारतीयही आहेत, घोड्यांवर आणि घोडे व रानगाढवे जोडलेल्या रथांत. लिडियन त्या यादीत नाहीत. त्यांचे नाव पायदळात येते, जवळजवळ ग्रीकांसारख्या शस्त्रांनिशी. त्याच्या आधीचा राजा दारियस याने बसवलेल्या खंडणीच्या यादीत किलिकियाकडून चांदीशिवाय दर वर्षी ३६० पांढरे घोडे, दिवसाला एक या हिशेबाने, घेतले जात. लिडियन आणि मिसियन ज्या प्रांतात होते, त्याच्या नावापुढे फक्त ५०० टॅलेंट (टॅलेंट हे चांदी मोजण्याचे वजनी माप) लिहिलेले आहे, घोडा एकही नाही.